विधिमंडळ आणि न्यायालय : सांगली-साताऱ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा कायदा न्यायालयाने रद्द केल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी सांगलीच्या बाररूमपासून पुसेगावच्या बाजारापर्यंत तेच प्रश्न पुन्हा ऐकू येतात. वकिली करताना आणि वाचनालयांतल्या कार्यक्रमांत मला जे प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारले गेले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. काही उत्तरे मोठी आहेत, कारण त्या प्रश्नांचे थोडक्यात दिलेले उत्तर हमखास दिशाभूल करते.

विधिमंडळाचे काम म्हणजे केवळ कायदे करणे का?

नाही. महाराष्ट्र विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभेत २८८ सदस्य असतात आणि विधान परिषदेत ७८. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून प्रत्येकी आठ आमदार विधानसभेवर निवडून जातात. कायदे करणे, राज्याच्या तिजोरीतून होणाऱ्या खर्चाला मंजुरी देणे आणि मंत्र्यांकडून जाब घेणे ही त्यांची तीन मुख्य कामे होत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि कपात सूचना ही आयुधे तिसऱ्या कामासाठी आहेत. आपल्याकडे आमदाराचे मोजमाप रस्ते आणि सभामंडप यांवरून होते, त्यामुळे एखाद्या विधेयकावर आमदार काय बोलले, हे मतदारसंघात कोणी विचारतही नाही. याचा दोष एकट्या आमदारांवर टाकता येणार नाही.

कायदा करणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण आपल्याच भागातले आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांची. ती आधी योजना म्हणून राबवली गेली, पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. योजना आणि कायदा यांतला फरक येथे लक्षात घ्यावा. योजना शासन निर्णयाने सुरू होते आणि तशाच दुसऱ्या शासन निर्णयाने गुंडाळता येते. कायद्याने दिलेला हक्क मात्र सरकारला परस्पर काढून घेता येत नाही आणि तो नाकारला गेला, तर नागरिक न्यायालयात उभा राहू शकतो. विधिमंडळ आणि न्यायालय यांचे नाते खरे तर येथूनच सुरू होते, कारण पहिल्याने दिलेला हक्क दुसऱ्याकडून बजावून घ्यावा लागतो.

मग विधिमंडळ मोठे की न्यायालय?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो मुळातच चुकीच्या पद्धतीने विचारलेला असतो. इंग्लंडमध्ये संसद सार्वभौम मानली जाते आणि तिने केलेला कायदा तेथील न्यायालय रद्द करू शकत नाही. आपल्याकडे संसद, विधिमंडळे आणि न्यायालये ही तिन्ही संविधानाने निर्माण केलेली आहेत आणि तिघांचे अधिकार त्यातूनच येतात. अनुच्छेद २४५ कायदे करण्याचा अधिकार देतो, पण ‘या संविधानाच्या तरतुदींना अधीन राहून’ देतो. अनुच्छेद १३ सांगतो की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता शून्य ठरेल. तो ठरवण्याचे काम अनुच्छेद ३२ नुसार सर्वोच्च न्यायालयाकडे आणि २२६ नुसार उच्च न्यायालयांकडे आहे.

याची उलट बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. कायदा चांगला आहे की वाईट, शहाणपणाचा आहे की उधळपट्टीचा, हे पाहणे न्यायालयाचे काम नाही. कायदा वैध आहे असे गृहीत धरूनच सुनावणी सुरू होते आणि तो अवैध आहे हे दाखवण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर असतो. मूर्खपणाचा कायदाही पूर्णपणे घटनात्मक असू शकतो. त्यावरचा उपाय न्यायालयात मिळत नाही, तो मतपेटीतून शोधावा लागतो.

येथे एक अवांतर. १९४२ ते १९४६ या काळात याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार चालले आणि गावोगावच्या न्यायदान मंडळांनी तंटे मिटवले. नियम करणारे, ते राबवणारे आणि निवाडा देणारे तेथे बव्हंशी एकच होते. परकीय सत्तेशी लढताना ते चालून गेले. त्याचा मला अभिमानच आहे, पण कायमच्या राज्यकारभारासाठी तो नमुना म्हणून कोणी पुढे केला तर मी त्याला विरोध करीन.

कोणत्या कारणांनी कायदा रद्द होतो?

मूलभूत हक्कांचा भंग हे कारण सर्वांना ठाऊक असते. दुसरे कारण अधिकारकक्षेचे आहे. सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशी विषयांची वाटणी आहे आणि राज्याने संघसूचीतल्या विषयावर कायदा केला तर तो टिकत नाही. समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. मात्र राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली असेल, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. अनुच्छेद २५४ ची ही तरतूद ध्यानात ठेवावी. पुढे बैलांच्या प्रश्नात ती कामाला येणार आहे.

तिसरे कारण पद्धतीचे. ज्या भागात साखर कारखान्याच्या निवडणुकीची चर्चा आमदारकीइतकीच रंगते, त्या भागाने ९७ व्या घटनादुरुस्तीचे काय झाले हे विसरू नये. संसदेने २०११ मध्ये सहकारी संस्थांसाठी संविधानात नवा भाग घातला. संचालकांची संख्या २१ पेक्षा जास्त नको, मुदत पाच वर्षांची असावी, अशा तरतुदी त्यात होत्या. परंतु सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय आहे आणि राज्यांच्या अधिकारांना हात लावणाऱ्या घटनादुरुस्तीला अनुच्छेद ३६८ नुसार किमान निम्म्या विधिमंडळांची मान्यता लागते. ती घेतलीच नव्हती. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला आणि बहुराज्य संस्थांपुरता कायम ठेवला. २१ संचालक बरे की वाईट, यावर न्यायालयाने मत दिले नाही. संसदेने विधिमंडळांना वगळून त्यांच्या हद्दीत पाऊल टाकले, हा त्या निकालाचा गाभा आहे. न्यायालय विधिमंडळांचे अधिकार खाते असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल अवश्य वाचावा, कारण येथे न्यायालयानेच विधिमंडळांचा अधिकार राखला.

बैलगाडी शर्यती आधी बंद झाल्या आणि मग सुरू झाल्या. न्यायालयाने मत बदलले का?

न्यायालयाचे मत बदलण्याआधी कायदा बदलला, आणि या दोन्ही संस्थांचे नाते समजून घेण्यासाठी याहून चांगला धडा आपल्या भागात मिळणार नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आणि केंद्राचा आहे. २०११ मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने प्रदर्शन व खेळ यांसाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालात तमिळनाडूतील जल्लिकट्टू (बैलाला काबूत आणण्याचा खेळ) आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती या दोन्ही त्या कायद्याच्या विरुद्ध असल्याचे सांगितले. म्हणजे न्यायालयाने स्वतःच्या मनाने बंदी घातली नव्हती, तर संसदेच्या कायद्याचा अर्थ लावून ती लागू केली होती. शर्यतींचे मैदान बंद पडले तेव्हा गावांतला सगळा राग न्यायालयावर निघाला आणि मूळ केंद्रीय कायद्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

यानंतर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये त्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा समवर्ती सूचीतला विषय असल्यामुळे राज्याला ते करता आले आणि राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यामुळे ती दुरुस्ती केंद्राच्या कायद्यापुढे टिकली. तरीही लगेच शर्यती सुरू झाल्या नाहीत, कारण दुरुस्तीलाही आव्हान दिले गेले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्या कायद्याच्या अटींवर शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. जल्लिकट्टू हा तमिळनाडूच्या संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवण्याचा मान आपण विधिमंडळाकडेच ठेवतो, अशी भूमिका घटनापीठाने घेतली. २०१४ च्या निकालात न्यायालयाने हा सांस्कृतिक वारशाचा दावा स्वतःच फेटाळला होता.

आज एखाद्या मैदानावर गेलात तर हा सगळा इतिहास डोळ्यांनी पाहता येतो. मैदानाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावेचे अंतर एक हजार मीटरच्या आत ठेवावे लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी करावी लागते, काठी किंवा विजेचा धक्का देणारे यंत्र वापरता येत नाही. गाडी सुटण्याच्या ठिकाणी बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा असलेला चालक ज्या रिकाम्या हातांनी उभा असतो, ते हात कायद्याने रिकामे केलेले आहेत. कोणी चोरून काही वापरले तर नुसता नियमभंग होत नाही, ज्या अटींवर ती दुरुस्ती वैध ठरली त्या अटींनाच तडा जातो. शर्यतींवर प्रेम करणाऱ्यांनी हे सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवे.

कोर्टाने रद्द केलेला कायदा विधिमंडळ पुन्हा करू शकते का? निकालच फिरवणारा कायदा करता येतो का?

पहिल्याचे उत्तर ‘होय, पण’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे आहे. माझ्या मते या संपूर्ण विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजलेला भेद आहे.

निकाल ज्या पायावर उभा आहे तो पाया विधिमंडळ काढून घेऊ शकते, अगदी पूर्वलक्षी प्रभावानेही. म्हणजे ज्या दोषामुळे कायदा पडला तो दोष दूर करता येतो. परंतु ‘अमुक निकाल आमच्या राज्यात लागू होणार नाही’ असे नुसते जाहीर करता येत नाही, कारण तसे करणे म्हणजे विधिमंडळाने अपिलाच्या न्यायालयाच्या खुर्चीत बसणे होय. कर्नाटक सरकारने १९९१ मध्ये कावेरी लवादाचा अंतरिम आदेश निष्प्रभ करण्यासाठी वटहुकूम काढला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो याच कारणासाठी घटनाबाह्य ठरवला.

पाया न काढता तोच कायदा पुन्हा केल्यास काय होते, हे डान्सबारच्या प्रकरणात दिसले. तासगावचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००५ मध्ये विधिमंडळाने डान्सबारवर बंदी घातली. या भागातल्या कित्येक घरांना, विशेषतः बायकांना, ती मनापासून पटली होती. पण त्या कायद्यात तारांकित हॉटेले, क्लब आणि जिमखाने यांना सूट होती. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये समानतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा भंग झाल्याच्या कारणावरून बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. विधिमंडळाने २०१४ मध्ये सूट काढून टाकली आणि सर्वांनाच बंदी लावली. भेदभावाचा दोष गेला, पण व्यवसायस्वातंत्र्याचा मुद्दा तसाच उरला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये त्या तरतुदीला स्थगिती मिळाली. मग २०१६ मध्ये बंदीऐवजी नियमन करणारा स्वतंत्र कायदा आला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली वेळेची मर्यादा मान्य केली, नोटा उधळण्यावरची बंदी ठेवली, पण शाळा व धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटर अंतराची आणि नृत्याच्या जागी सीसीटीव्हीची अट रद्द केली. चौदा वर्षांत तीन कायदे झाले आणि शेवटी जे उरले ते कोणालाच पूर्णपणे हवे होते असे नाही. हेतू कितीही चांगला असला तरी मसुदा कच्चा असेल तर काय किंमत मोजावी लागते, याचे हे उदाहरण मला अजूनही बोचते.

मराठा आरक्षणाच्या बाबतीत नेमके काय झाले?

२०१८ मध्ये विधिमंडळाने १६ टक्के आरक्षणाचा कायदा केला. मुंबई उच्च न्यायालयाने २७ जून २०१९ रोजी तो वैध ठरवला, मात्र प्रमाण शिक्षणात १२ टक्के आणि नोकऱ्यांत १३ टक्के इतके खाली आणले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२१ रोजी तो रद्द केला, कारण एकूण आरक्षणावरची पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याइतकी अपवादात्मक परिस्थिती दाखवली गेली नाही असे पीठाचे मत पडले. त्याच निकालात बहुमताने असाही अर्थ लावला गेला की १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागासवर्ग ओळखण्याचा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही. हा दुसरा भाग संसदेला मान्य नव्हता आणि तिने ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी घटनादुरुस्ती करून राज्यांचा अधिकार परत दिला. वर म्हटलेले ‘पाया काढून घेणे’ ते हेच. पन्नास टक्क्यांचा मुद्दा मात्र त्याने सुटला नाही. २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने विशेष अधिवेशनात नव्या आयोगाच्या अहवालाच्या आधारे १० टक्क्यांचा कायदा केला आणि त्यालाही मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले.

मराठा समाजातील पात्र व्यक्तींना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा २ सप्टेंबर २०२५ चा निर्णय आणि सातारा गॅझेटियरची मागणी यांविषयीही विचारणा होते. तो निर्णय विधिमंडळाचा कायदा नाही, शासन निर्णय आहे. त्यामुळे त्याची न्यायालयीन तपासणी वेगळ्या आणि अधिक कडक कसोट्यांवर होते.

संविधानातच दुरुस्ती केली तर न्यायालयाचा प्रश्न मिटत नाही का?

१९५१ पासून ही ओढाताण चालू होती. जमीन सुधारणांचे कायदे न्यायालयात अडकू नयेत म्हणून पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची आणली आणि तीत घातलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून संरक्षण दिले. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती प्रकरणात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमताने ठरवले की संसद संविधानाच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, पण त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. पुढे वामनराव प्रकरणात आपल्याच राज्याच्या शेतजमीन कमाल धारणा कायद्याच्या निमित्ताने न्यायालयाने सांगितले की त्या तारखेनंतर नवव्या अनुसूचीत घातलेले कायदे या कसोटीवर तपासता येतील. २००७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी तेच पक्के केले. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आयोग नेमणारी ९९ वी घटनादुरुस्ती ऑक्टोबर २०१५ मध्ये याच कसोटीवर पडली. तो निकाल मला पूर्णपणे पटलेला नाही. स्वतःच्या नेमणुकांच्या प्रश्नात स्वतःच निवाडा देताना न्यायालयाने अधिक संयम दाखवायला हवा होता, असे मानणारे वकील कमी नाहीत.

सभागृहात जे घडते त्यात न्यायालय लक्ष घालू शकते का?

अनुच्छेद २१२ नुसार कामकाजाच्या पद्धतीत अनियमितता झाली एवढ्या कारणावरून न्यायालयात जाता येत नाही आणि १९४ नुसार सभागृहातील भाषणासाठी किंवा मतासाठी आमदारावर खटला भरता येत नाही. पण अनियमितता वेगळी आणि घटनाबाह्य कृती वेगळी.

हा भेद स्पष्ट होण्यामागे साताऱ्यात जन्मलेल्या एका न्यायमूर्तींचा वाटा आहे. १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने हक्कभंगाबद्दल केशव सिंह या कार्यकर्त्याला तुरुंगात पाठवले. उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठावरील दोन न्यायमूर्तींनी त्याला जामीन दिला, तेव्हा विधानसभेने त्या दोन न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन सभागृहासमोर आणण्याचा ठराव केला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २८ न्यायमूर्तींनी एकत्र बसून त्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. अखेर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की सभागृहाच्या विशेषाधिकारांचा आदर राखूनही नागरिकाची याचिका ऐकण्याचा न्यायालयाचा अधिकार संपत नाही आणि ती ऐकली म्हणून न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केला असे होत नाही. या प्रकरणाचा शेवट मात्र मजेशीर आहे. पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाने केशव सिंहची मूळ याचिका फेटाळली आणि त्याला उरलेली शिक्षा भोगावी लागली. न्यायालयाने अधिकार राखला आणि शिक्षा विधानसभेची राहिली.

आपल्या विधानसभेने ५ जुलै २०२१ रोजी बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरवले. वर्षभर निलंबन म्हणजे हकालपट्टीपेक्षाही वाईट, कारण हकालपट्टी झाली तर पोटनिवडणूक तरी होते, निलंबनात मतदारसंघ नुसताच मुका राहतो, असा त्यामागचा विचार होता. आणि ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की लाच घेऊन मत देणाऱ्याला १९४ चे कवच मिळत नाही.

आमदारांच्या पक्षांतराचा निवाडा विधानसभा अध्यक्षांकडेच का असतो?

दहाव्या अनुसूचीने तो त्यांना दिला आहे आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हे काम करताना अध्यक्ष लवादासारखे असतात, म्हणून त्यांच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते. शिवसेनेतील जून २०२२ च्या फुटीनंतर ज्या १६ आमदारांवर अपात्रतेच्या याचिका आल्या, त्यांत कोरेगाव आणि खानापूरचे आमदारही होते, त्यामुळे या भागात हा विषय पारावरही चर्चिला गेला. घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी राज्यपालांनी बहुमत चाचणीसाठी दिलेला आदेश समर्थनीय नव्हता असे सांगितले, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे असेही सांगितले, पण अपात्रतेचा निर्णय स्वतः न घेता अध्यक्षांकडे सोपवला. अध्यक्षांना मुदत घालून द्यावी लागली, ती वाढवावीही लागली आणि निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला. अध्यक्ष निवडून येतात एका पक्षाकडून आणि त्यांनी निवाडा द्यायचा त्याच पक्षाच्या भवितव्याचा. ही रचना सदोष आहे आणि ती बदलणे संसदेच्या हातात आहे.

सभागृहात न्यायाधीशांवर टीका करता येते का?

अनुच्छेद २११ नुसार उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीने कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनावर राज्य विधिमंडळात चर्चा करता येत नाही. निकालाच्या कायदेशीर परिणामांवर मात्र बोलता येते.

कायदा नसेल तेव्हा न्यायालय स्वतःच कायदा करते, हे बरोबर आहे का?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि संसदेने कायदा करीपर्यंत ती लागू राहतील असे म्हटले. कायदा २०१३ मध्ये आला. सोळा वर्षांची ही पोकळी न्यायालयाने भरली नसती तर बरे झाले असते, असे मला म्हणता येणार नाही. त्यात दिसते ती संसदेची दिरंगाई.

अनेकदा तर न्यायालयाने नवा नियम केला असा समजच चुकीचा असतो. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचे घ्या. जिवंत नागांची पूजा न्यायालयाने बंद पाडली असे सर्रास म्हटले जाते. नाग पकडण्यावर बंधन आहे ते वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याचे, म्हणजे संसदेचे. उच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करण्यास सांगितले. परंपरेला वाट हवी असेल तर ती कायद्याच्या चौकटीतून आणि कायदा करणाऱ्यांकडूनच मागावी लागेल, जशी बैलांच्या बाबतीत मागितली गेली.

आलमट्टी धरणाचा आणि कृष्णेच्या पाण्याचा तंटा थेट न्यायालयात का जात नाही?

कारण संविधानानेच अनुच्छेद २६२ मध्ये संसदेला आंतरराज्य नदी-पाणीतंटे न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभा दिली आणि १९५६ च्या कायद्याने संसदेने ती वापरली. म्हणून कृष्णेसाठी आधी बच्छावत लवाद आणि नंतर ब्रिजेश कुमार लवाद नेमला गेला. तरीही लवादाच्या निर्णयाविरुद्ध राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेलीच. २००५ आणि २०१९ चा महापूर ज्यांनी पाहिला, त्यांना ही संथ प्रक्रिया असह्य वाटते आणि ते समजण्यासारखे आहे.

वटहुकूम म्हणजे विधिमंडळाला बगल देणे नव्हे का?

अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज असेल तर राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वटहुकूम काढू शकतात आणि अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपतो. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम काढले गेले आणि काही तर पुन्हा पुन्हा काढून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. हे शोधून काढणारे डी. सी. वाधवा पुण्याच्या गोखले संस्थेतले अभ्यासक होते. त्यांच्या याचिकेवर डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा संविधानाशी केलेली लबाडी ठरवली. विधिमंडळाचा अधिकार येथेही न्यायालयानेच सरकारपासून वाचवला.

राज्यपालांनी विधेयक अडवून ठेवले तर?

सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी राष्ट्रपतींनी मागितलेल्या सल्ल्यावर मत दिले की न्यायालय राज्यपालांवर ठरावीक मुदत लादू शकत नाही किंवा अनुमती मिळाली असे गृहीतही धरू शकत नाही. मात्र दीर्घकाळ आणि कारण न देता स्वस्थ बसल्यास निर्णय घ्या एवढा मर्यादित आदेश देता येईल.

आमदार साहेबांना सांगून कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लावून घेता येतो का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण तो खरोखर विचारला जातो. नाही. चालू दाव्यात आमदाराला पत्र देण्याचाही अधिकार नाही. कायद्यातली एखादी तरतूद तुमच्यावर अन्याय करते असे वाटत असेल, तर ती बदलण्याची मागणी मात्र त्यांच्याकडे जरूर करावी आणि ती लेखी करावी.

राज्याच्या एखाद्या कायद्याला मला आव्हान द्यायचे असेल तर कोठे जावे?

सांगली किंवा साताऱ्याचे जिल्हा न्यायालय कायदा रद्द करू शकत नाही. चालू दाव्यात कायद्याच्या वैधतेचा प्रश्न निर्माण झाला आणि त्याशिवाय निकालच देता येत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ नुसार खालचे न्यायालय तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवते. थेट मार्ग म्हणजे अनुच्छेद २२६ खालील रिट याचिका. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी आता मुंबईला हेलपाटे घालण्याची गरज साधारणतः उरलेली नाही, कारण मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे कोल्हापूरबरोबर त्याच्या कक्षेत आहेत. त्यासाठी या भागातल्या वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ आंदोलन केले होते.

वकिलाकडे जाताना कायद्याची राजपत्रात प्रसिद्ध झालेली प्रत न्यावी आणि विधेयकाची प्रत मिळाल्यास तिच्या शेवटी असलेले ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ वाचून घ्यावे. विधिमंडळाला काय साधायचे होते हे त्या एका पानात सांगितलेले असते आणि सुनावणीत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.